नायट्राइट उतरेना तेव्हा: दोन फुटी टँकचा माझा अनुभव

टँक आणि मासे निवडायला फारसा वेळ लागला नाही. वेळ खाल्ला तो नायट्राइटने, आणि दुकानात त्याबद्दल कुणी धड बोलत नाही याची चीड अजून गेलेली नाही. "पाणी एक रात्र शिळं होऊ द्या, उद्या मासे न्या" हा सल्ला सर्रास मिळतो. एका रात्रीत पाण्यातलं क्लोरीन फार तर उडतं. माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, तेही माशांना विषारीच, आणि मग त्याचं बरंच कमी घातक नायट्रेट.

आधी मापाचं सांगते. मी २४ इंच लांब, १५ इंच रुंद, १५ इंच उंच टँक घेतला, काच ६ मिमी. तिन्ही मापं इंचांत गुणून ६१ ने भागली की लिटर मिळतात, इथे ८८. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून खरं पाणी ७५ लिटर भरतं. काच, वाळू, पाणी मिळून वजन १०० किलोच्या घरात जातं, त्यामुळे टीव्हीचं प्लायवुडचं स्टँड चालत नाही. उंच टँक देखणा दिसतो, पण प्राणवायू पृष्ठभागातून मिसळतो आणि थव्याने फिरणारे मासे आडवे पोहतात, म्हणून लांबी-रुंदीला पैसे घाला. फुटाच्या टँकमध्ये एक मासा मेला तरी अमोनिया धोक्याला पोचतो.

मासे पाणी बघून ठरवावेत. मुंबईत तलावांचं पाणी येतं, ते मऊ असतं. माझ्या नळाच्या पाण्याचा केएच (पाणी आम्ल होऊ न देणाऱ्या क्षारांचं माप) २ निघाला, म्हणून यादी अशी केली: १० निऑन टेट्रा, ६ कोरी (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश), हनी गुरामीची एक जोडी. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर निऑनचा हट्ट सोडा. त्यात गप्पी, प्लॅटी, मोली मजेत राहतात. मात्र एका नरामागे दोन-तीन माद्या घ्या, नाहीतर नर मादीला दमवून टाकतात.

आता सायकल, म्हणजे हे जिवाणू टँकमध्ये वाढवणं. मासे न घालता करायची तर अमोनिया बाहेरून द्यावा लागतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईडच, पण कल्हईसाठी मिळणाऱ्या नवसागरात आणखी काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध घ्या. १० ग्रॅम पावडर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करा. त्यातलं ५० मिली म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि ७५ लिटरमध्ये तेवढ्याने अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. तो शून्यावर आला की पुन्हा डोस.

अमोनिया सुरळीत उतरायला लागला. नायट्राइटच्या चाचणीची नळी मात्र जांभळी ती जांभळीच, निळी (म्हणजे शून्य) होईना. दुकानात विचारलं तर उत्तर एकच, जिवाणूंची आणखी एक बाटली घ्या. खरी कारणं दोन होती आणि दोन्ही साध्या हिशेबाची आहेत.

पहिलं, २ पीपीएम अमोनियाचं पूर्ण रूपांतर झालं की सुमारे ५.४ पीपीएम नायट्राइट तयार होतं. माझ्या किटची पट्टी ५ लाच संपते. म्हणजे एका डोसातच रंग पट्टीच्या टोकाला जातो, आणि पुढे ते ६ आहे की २५, ते डोळ्यांना कळत नाही. टँकचं १ मिली पाणी ९ मिली डिस्टिल्ड पाण्यात मिसळून चाचणी करा आणि येईल त्या आकड्याला दहाने गुणा. असं केलं तेव्हा कुठे नायट्राइट किती चढलंय ते दिसलं.

दुसरं, ही प्रक्रिया पाण्यातला केएच खाते. २ पीपीएम अमोनियाचा प्रत्येक डोस साधारण ०.७ केएच संपवतो, म्हणजे २ केएचचं पाणी तिसऱ्या डोसाला रिकामं. मग पीएच घसरतो, आणि ६.५ च्या खाली हे जिवाणू सुस्तावतात. अशा वेळी बाटलीतले नवे जिवाणू ओतून काय होणार? खाण्याचा सोडा घाला. ७५ लिटरला साडेचार ग्रॅम सोड्याने केएच २ ने वाढतो. त्याआधी निम्मं पाणी खुशाल बदला. जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर बसलेले असतात, पाण्याबरोबर जात नाहीत. डोसही १ पीपीएमवर आणा. हे तिन्ही केल्यावर नळी निळी व्हायला लागली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

राहिलेलं आठवेल तसं लिहिते. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने सगळी मेहनत जाते. टँकमधून काढलेल्या पाण्यात बादलीत पिळा. टँकखाली थर्माकोलची शीट घाला, आणि ती पाणी भरण्याआधी, नंतर टँक हलत नाही. कोरी तळाशी तोंड खुपसून खातात, त्यांना टोकदार खडी नको, बारीक वाळू हवी. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांवर गेलं की झाकण काढून जाळी टाका आणि पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा.

"काच साफ करतो" म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फूट-दीड फूट वाढतो. सिल्व्हर शार्कही फुटाचा होतो. टायगर बार्ब गुरामीचे पर कुरतडतात, आणि मोठा झालेला एंजल निऑन गिळतो. गोल्डफिश या टँकमध्ये नकोच.

२ पीपीएम अमोनिया टाकून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की सायकल झाली. मग नायट्रेट उतरवायला बरंचसं पाणी बदला. आधी कोरी, दोन आठवड्यांनी गुरामी, आणि निऑन शेवटी, कारण नव्या टँकमध्ये तेच आधी मरतात. मासे सोडल्यावर पहिला महिना एक दिवसाआड चाचणी करा. नायट्राइट ०.५ दिसलं तर त्याच दिवशी अर्धं पाणी बदलायचं, नवं पाणी क्लोरीन काढून टाकलेलं, आणि दुसऱ्या दिवशी खाणं बंद ठेवायचं.