सकाळी सिगिरिया, दुपारी मिन्नेरिया

सिगिरियाचा कातळकिल्ला आणि हत्तींचं मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यान, श्रीलंकेतल्या या दोन जागा एका दिवसात सहज बसतात. क्रम मात्र उलटा करू नका. आधी कातळ, मग हत्ती.

सिगिरियाचा कातळ भोवतालच्या सपाटीवरून सुमारे 180 मीटर उंच आहे आणि पायऱ्या साधारण 1200. तिकीटखिडकी उघडताच आत शिरावं. भित्तिचित्रांची वाट पश्चिमेच्या कड्याने चढते, त्यामुळे तिथे सकाळी सावली मिळते. दुपारी तोच कडा तापतो. पासपोर्ट जवळ ठेवा, सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत आहे.

बाप धातुसेनाला मारून गादीवर बसलेल्या कश्यपाने इथे राजधानी वसवली. इ. स. 477 ते 495 हा त्याचा काळ. भारतात पळालेला सावत्र भाऊ मोग्गल्लान सैन्य घेऊन परतेल ही धास्ती होती, आणि तो परतलाच.

गोल लोखंडी जिना चढला की भित्तिचित्रं. अजिंठा पाहिलेल्याला फरक लगेच जाणवेल: तिथे लेण्यातला अंधार, इथे उघड्या कड्यावरच्या खोबणीत, दिवसाच्या उजेडात, ढगांतून कमरेपर्यंत वर आलेल्या स्त्रिया. फोटोला बंदी आहे. 1967 मध्ये कुणीतरी या चित्रांवर रंग फासला होता. खाली आरसेभिंत. तिच्या घोटीव चुन्याच्या गिलाव्यावर सहाव्या शतकापासूनच्या प्रवाशांनी कविता खरवडून ठेवल्या आहेत. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणविताना यांनी त्यांतल्या 685 वाचून छापल्या. किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, या कोरणाऱ्यांचं मात्र कौतुक वाटतं!

शेवटचा टप्पा सिंहाच्या प्रचंड शिल्पाच्या पंजांमधून. सिंह कधीच ढासळला, पंजे तेवढे उरलेत. इथून वरचा जिना उघड्यावर आणि वाऱ्याचा. कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात, म्हणून आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर चढाई बंद होते, अशा वेळी पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये. खाऊची पिशवी हातात ठेवली तर माकडं ती ओढतात.

दुपारी जवळच्या हबरणा गावात जेवून अडीच-तीनच्या सुमारास जीपने मिन्नेरियाला निघा. उन्हाच्या वेळी हत्ती झाडीत असतात, उतरत्या उन्हात उघड्यावर येतात. जीपचं भाडं आणि उद्यानाचं तिकीट वेगवेगळं असतं, ठरवताना दोन्हींचं विचारून घ्या.

मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस बांधला, आणि लोक या राजाला आजही मिन्नेरी देवियो, म्हणजे मिन्नेरीचा देव, म्हणून पुजतात. हत्तींचा मेळा याच तलावामुळे भरतो. जुलै ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत पाणी मागे सरकतं आणि आपल्याकडे धरणात उघडी पडते तशी गाळपेर जमीन मोकळी होते. तिच्यावर कोवळं गवत येतं, आणि चांगल्या वर्षी दोनशे-तीनशे हत्ती एकत्र दिसतात. खाणं बघण्यासारखं असतं. हत्ती पुढच्या पायाने गवत उखडतो, सोंडेत जुडी धरतो, माती झडावी म्हणून ती पायावर आपटतो आणि मग तोंडात घालतो. सुळे नाहीत म्हणजे हत्तीणच, असं समजू नका. इथले बहुतेक नरही बिनसुळ्यांचे असतात.

अलीकडे हा मेळा बेभरवशाचा झाला आहे. मोरगहकंद धरण झाल्यापासून कोरड्या दिवसांतही मिन्नेरियात पाणी सोडलं जातं, गवताचा पट्टा बुडतो आणि कळप पांगतात. म्हणून आधी मिन्नेरियाचं तिकीट पक्कं करू नका. आज हत्ती कुठे आहेत, हे हबरणाच्या जीपवाल्यांना विचारा. ते कवडुल्ला उद्यान किंवा हुरुलुचं जंगल म्हणाले तर तिकडे जा, दोन्ही जवळच आहेत.