धमनीतलं कोलॅजन आणि त्याच्या नागमोडी वळ्या

धमनीच्या भिंतीचा तुकडा न ताणता मायक्रोस्कोपखाली बघितला ना, तर बाहेरच्या थरातलं, म्हणजे अ‍ॅडव्हेंटिशियातलं कोलॅजन (मजबूत धाग्यांचं प्रथिन) अगदी वळ्या पडलेल्या लोकरीसारखं दिसतं, नागमोडी, सैल, जणू काही कामच नाही त्याला. आणि खरंच नसतं, कारण सुरुवातीचा ताण इलॅस्टिन, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं प्रथिन, घेतं! मग हळूहळू ताणत गेलो की एकेक धागा सरळ होतो, पण सगळे एकदम नाही, कोणी आधी कोणी नंतर, आणि थोडे ताणाच्या दिशेला वळतातही, त्यामुळे भिंत आधी मऊ आणि मग एकदम टणक. म्हणूनच किती ताणलं आणि किती जोर लागला याचा ग्राफ इंग्रजी जे अक्षरासारखा येतो.

१९५७ मध्ये रोच आणि बर्टन या संशोधकांनी हे भारी दाखवलं, ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमने इलॅस्टिन काढलं, दुसरीकडे फॉर्मिक अ‍ॅसिडने कोलॅजन, आणि ग्राफचा कुठला भाग कोणाचा ते वेगळं झालं. मला तरी आजच्या मॉडेल्सपेक्षा हे जास्त आवडतं, साधं आणि सरळ.

मधल्या थरात मात्र धागे बरेचसे गोलाकार, नळीभोवती गुंडाळल्यासारखे. वय वाढलं की इलॅस्टिन तुटत जातं आणि भार कोलॅजनवर लवकर येतो, धमनी कडक होते ती त्यामुळेही.