सहा बाय अडीच फूट

मंगळवार, रात्री

आज पाण्याचा दिवस. या दिवशी सकाळी घरात दुसरं काही होत नाही, हे मी आता धरूनच चालते. पहाटे नळातून हवेचा आवाज यायला लागला की उठायचं, मोटर लावायची. आधी गच्चीवरची टाकी, मग मोरीतला दोनशे लिटरचा निळा ड्रम, मग पिण्याच्या घागरी आणि शेवटी बादल्या, पातेली, हाताला लागेल ते. चार-पाच दिवसांचं पाणी घरात ठेवायचं तर निम्मी मोरी आणि स्वयंपाकघराची एक भिंत त्यालाच जाते.

घर आवरण्याचे व्हिडिओ मी पुष्कळ बघते. त्यातली मोकळी स्वयंपाकघरं चोवीस तास पाणी येणाऱ्या घरांतली आहेत, हे लक्षात आल्यापासून मनावरचं ओझं बरंच उतरलं. माझे ड्रम आणि घागरी पसारा नाहीत. दिवाणात कोंबलेल्या चादरी आणि टॉवेलचे बॉक्स मात्र आहेत. सोलापुरात कुठल्याही लग्नाला गेलं की आहेरात चादर नाहीतर टॉवेल येतोच, आणि तो पुढच्या लग्नात द्यायला जपून ठेवायचा. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्यातलं काही काढू या म्हटलं की वाईट वाटतं. त्यांचं सगळं आयुष्य मागाच्या आवाजात गेलं. सुताची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते, म्हणून तो विषय मी सोडून दिला.

घागर उचलताना आज कंबर दुखली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर कंबर धरली होती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तेव्हा शिकवलं, कमरेतून वाकायचं नाही, गुडघे मोडून खाली बसायचं, घागर पोटाशी घ्यायची आणि श्वास सोडत उठायचं. पंधरा लिटरची घागर म्हणजे पाण्याचंच वजन पंधरा किलो. जिममध्ये लोक एवढं वजन घेऊन मुद्दाम उठाबशा काढतात. पाण्याचा दिवस मी आता ताकदीच्या व्यायामाचा दिवस म्हणूनच धरते.

शुक्रवार, दुपारी

धाकटा झोपलाय. थोरली शाळेतून यायला अर्धा तास आहे.

आधी घर आवरू, मग व्यायाम, असा क्रम मी फार काळ चालवला. सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा असलेलं घर आवरून होत नसतं. एका खोलीतली भातुकली उचलेपर्यंत दुसऱ्या खोलीत खडू सांडलेले असतात. आता नियम एकच. बाहेरच्या खोलीतली, खिडकीखालची सहा बाय अडीच फूट फरशी कायम मोकळी. तिथे बाहुली नाही, दप्तर नाही, सायकल नाही, वाळत घातलेल्या शेंगासुद्धा नाहीत. सूर्यनमस्काराला तेवढी जागा पुरते. बाकी घर मुलांचं. ती लहान आहेत तोवर तसंच राहील.

मॅट आणली नाही. जाड सोलापुरी चादर दुहेरी घालते. नुसती टाकली तर गुळगुळीत फरशीवर सरकते, म्हणून तिचं एक टोक दिवाणाच्या पायाखाली दाबते आणि हात त्याच बाजूला ठेवते.

मला सगळ्यात धीर दिला तो एका माहितीनं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय निदान दोन दिवस ताकदीचा. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच तो व्यायाम धरायचे. २०२० च्या सूचनांत ती अट काढून टाकली. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचे चार नमस्कारही हिशेबात येतात. आईपणात सलग वेळ मिळत नाही, तुकडे मिळतात. ज्यांनी तुकड्यांना मान दिला त्यांचे मी मनापासून आभार मानते.

तीन-चार वर्षांच्या मुलांना तीच संघटना दिवसाला १८० मिनिटांची हालचाल सांगते. धाकटा दिवाणावरून उड्या मारतो तेव्हा त्याला ओरडणं त्यामुळे कमी झालंय. आत्यांना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "लेकरानं उड्या नाही मारायच्या तर कुणी मारायच्या?"

रविवार

आज कंबर तलावाकडे गेलो, सगळेच. यांची रात्रपाळी संपली होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून आले ते आंघोळ करून झोपायला जाणार होते, पण थोरलीनं सोडलं नाही. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पळायचं तर साडेसहाच्या आत. मुलांना यांच्याजवळ सोडलं आणि मी पळाले. न थांबता पाच किलोमीटर पळायचं, हे माझं या वर्षीचं ठरलेलं आहे. अजून मध्ये चालावं लागतं, पण चालण्याचे टप्पे आखूड होत चाललेत.

परत येताना यांच्याशी बोलले. मला आठवड्यातून दोन पहाटा हव्यात, पाण्याचे दिवस सोडून. त्या दिवशी मुलांचं उठणं, दूध, डबा त्यांनी बघायचा. रात्रपाळीच्या आठवड्यात आत्या बघतील, हेही तिथेच ठरलं. कॅलेंडरवर पाण्याचे दिवस निळ्या पेननं लिहिलेले असतातच. माझे दिवस थोरलीनं लाल पेननं लिहिले. पहिला गुरुवारी आहे.