सिंगल पीस

"गेली! गेली मेली!" असं स्वयंपाकघरातून ऐकू आलं, तेव्हा मला वाटलं मांजरानं दुधाला तोंड लावलं. जाऊन बघते तर मोठ्या वहिनी. पुढ्यातल्या ताटात अर्धी निवडलेली गवार आणि पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. मोबाइलवर लाइव्ह साड्या विकणारी बाई दोन्ही हातांवर साडी पसरून सांगत होती, "मैत्रिणींनो, आवाज येतोय ना? कोड नंबर बावीस बुक झाली हं, आता तिचे स्क्रीनशॉट पाठवू नका. ही बघा तेवीस..."

बावीस नंबरची म्हणजे अंजिरी इरकल. टोपतेनी पदर, रनिंग ब्लाऊज, सिंगल पीस. वहिनींनी हात पदराला पुसले, स्क्रीनशॉट काढला, खालच्या नंबरावर पाठवला आणि उत्तर आलं, "सॉरी ताई, बुक झाली." पुढे हात जोडल्याचं चित्र. वहिनींचा मेसेज दोन सत्तेचाळीसचा. बुक करणारीची कॉमेंटही त्याच मिनिटाची असणार, असा त्यांचा दावा. व्हॉट्सअ‍ॅप सेकंद दाखवत नाही, त्यामुळे हा खटला कायमचा तहकूब.

मग शोधमोहीम सुरू झाली. कॉमेंटा वर-वर सरकवत वहिनी त्या बाईपर्यंत पोचल्या. 'बुक २२' लिहिणारीच्या नावापुढे फोटो होता गुलाबाच्या फुलाचा. तो दाबला तर आत आणखी एक गुलाब आणि बाकी सगळं कुलपात. वहिनी त्या गुलाबाकडे बराच वेळ रागानं बघत राहिल्या. पण गुलाबावर रागवायचं म्हणजे किती रागवणार? मग तो राग भाऊजींच्या वाट्याला आला. नेमक्या त्याच वेळी त्यांनी "औषधाच्या गोळ्या कुठे ठेवल्यास" म्हणून फोन केला होता. तीस वर्षांत ह्या माणसाला स्वतःच्या गोळ्या सापडत नाहीत, इथपासून गाडी त्यांच्या लग्नात मानपानावरून झालेल्या रुसव्यापर्यंत गेली.

मी गवार पुढे ओढली आणि गप्प बसले. इरकलबद्दल काही बोलण्यात अर्थ नव्हता. वहिनींच्या कपाटात इरकली आहेत. अंजिरीसुद्धा आहे, थोडी वांगीकडे झुकणारी.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी ह्या लाइव्हच्या वाटेला जात नाही. त्या बायांचं "ताई, पटकन, पटकन" ऐकलं की मला वर्गात उभं केल्यासारखं होतं. पण सद्गुणी मीही नाही. मी वस्तू कार्टात टाकते आणि विसरून जाते. बिडाचा तवा, निळ्या काठाचे पडदे, पितळी लामणदिवा. महिनोन्‌महिने ते तिथे पडून असतात, आणि एक दिवस त्यातल्या एकावर 'संपले' अशी पाटी लागली की घरात चोरी झाल्यासारखी तळमळते. माझा तवा नेला कुणीतरी! पैसे दिले नव्हते, घ्यायचा की नाही हेही ठरलं नव्हतं, पण माझा.

आईकडे हा राग ठेवायला जागा होती. सांगलीला गणपती पेठेच्या बाजूला एका कार्यालयात वर्षातून एकदा कटपीसचा सेल लागायचा. रिक्षाला भोंगा लावून गावभर ओरडा व्हायचा, 'माल संपेपर्यंत, माल संपेपर्यंत.' सतरंज्यांवर कापडांचे ढीग टाकलेले असत आणि भोवती बायका फतकल मारून बसत. पॉपलीन, रुबिया, टू बाय टू, कुठे एखादा टेरिकॉटचा तुकडा. दर मीटरवर नसायचा, वजनावर असायचा. मुलांना ढिगावर बसायची बंदी होती, म्हणून मी आईच्या पाठीला चिकटून उभी होते. आईनं ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि पिवळ्या पॉपलीनचं एक टोक बाहेर काढलं. त्यावर लाल चेऱ्यांचे झुबके. ओढलं तर येईना. ढिगाच्या पलीकडून दुसरं टोक एका बाईनं ओढलं होतं.

त्या बाईनं हिरवं पातळ नेसलेलं होतं. पोपटी नव्हे, बाटलीचा हिरवा. दोघी काही बोलल्या नाहीत. कापड मध्ये ताणलं गेलं, त्यावरचे बाकीचे तुकडे घरंगळले, आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "माझ्या हाताला आधी लागलंय," आई म्हणाली. "टोक लागलं असेल," ती बाई म्हणाली, "कापड माझ्याकडे आहे." खरंच होतं ते. मीटर-दीड मीटर तिच्या मांडीवर होतं, आईच्या मुठीत वीतभर. आईनं सोडून दिलं.

त्यानंतर आमच्या घरात 'हिरवं पातळ' ही एक व्यक्तीच होऊन बसली. भाजीवाल्याकडची कोवळी भेंडी आपण पोचायच्या आत संपली, की ती हिरव्या पातळानं नेली. नाटकाचा प्लॅन उघडल्या उघडल्या मधल्या रांगा भरल्या, की तिथेही तीच. "त्या पॉपलीनच्या उशा शिवल्या असतील मेलीनं," आई कधीतरी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "उशा! एवढ्या गोड कापडाच्या!" खरं तर ती बाई गावातलीच. पुढे दत्ताच्या देवळात दिसायची. आई प्रसाद घेताना तिच्याकडे बघून मान हलवायची, आणि बाहेर आल्यावर चपला घालता घालता पुटपुटायची. नीट, घरगुती, पोसलेला राग होता तो. शिळा होत नव्हता आणि कुणाचं काही बिघडवतही नव्हता. बाबांना तर त्याची झळ कधीच लागली नाही.

आता तसं कुणी समोर नाही. २०१४च्या जुलैत शाओमीचा एमआय ३ फोन फ्लिपकार्टवर १३,९९९ रुपयांना यायला लागला. पहिली खेप तासाभराच्या आत संपली, पुढच्या खेपा संपायला दोन-पाच सेकंद पुरले. दोन सेकंदांत हिरवं पातळ दिसणार कुठून? ह्यांच्या ऑफिसातली पोरं मंगळवारी दुपारी आधी नाव नोंदवून, कार्डाचे आकडे पाठ करून कॉम्प्युटरपुढे बसायची. हात हलवत उठली की दोष जायचा ऑफिसच्या इंटरनेटला, नाहीतर नेमकी तेव्हाच फाइल मागणाऱ्या साहेबांना. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला फ्लिपकार्टचा 'बिग बिलियन डे' सेल झाला. साइट अडखळली, वस्तू बघता बघता संपल्या, लोक खवळले, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दोघा संस्थापकांनी ग्राहकांना माफीचा ईमेल पाठवला. दहा तासांत सहाशे कोटींचा माल विकून मागितलेली ती माफी आमच्याही घरी आली होती. आम्ही त्या दिवशी काही घ्यायला गेलोच नव्हतो. तरी हे म्हणाले, "राहू दे, पुढेमागे उपयोगी पडेल."

अलीकडे रांगेतला नंबर तरी सांगतात. २०२४च्या सप्टेंबरात कोल्डप्ले ह्या इंग्लिश बँडच्या नव्या मुंबईतल्या कार्यक्रमाची तिकिटं निघाली, तेव्हा भाचा एका रविवारी दुपारी बाराला लॅपटॉप, टॅब आणि आईचा फोन असं सगळं मांडून बसला होता. पुढे काही लाख माणसं असल्याचा आकडा आला. इतकी माणसं पुढे आहेत म्हटल्यावर राग यायला नको, पण आला. दोष कुणाचा, हे शोधायला पुढे पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखाच आली, कारण अडीच हजारांपासूनची तिकिटं बाहेर भलत्याच भावानं फिरायला लागली होती. भाच्यानं मात्र आधीच ठरवून टाकलं होतं, खालच्या मजल्यावरच्यांनी वायफाय ओढलं म्हणून. अजून तो त्यांच्याशी धड बोलत नाही.

ह्याच भाच्याचा हात ह्या कामात आधीच बसलेला होता. मे २०२१मध्ये अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांना लस खुली झाली, आणि कोविन ह्या सरकारी साइटवर स्लॉट कधी उघडतील त्याचा नेम नसायचा. पिनकोड घाल, हिरवा आकडा दिसला की दाब, ओटीपी येईपर्यंत आकडा शून्य. पुण्यात काही मिळेना. शेवटी एका आडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला आणि त्याच्या दोघा मित्रांना जागा मिळाली. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पहाटे गाडी काढून तिघं गेले.

तिथे अंगणात गावची माणसं सकाळपासून बसून होती. कुणाकडे साधा फोन, कुणाकडे तोही नाही. नर्सबाईंच्या हातातली यादी सगळी शहरातल्या नावांची. बाहेर पुण्याच्या गाड्या ओळीनं लागलेल्या, आणि एकेक जण उतरून, मोबाइल दाखवून आत जात होता. गावातलं कुणी भांडलं नाही म्हणे. एक म्हातारे फक्त प्रत्येकाला विचारत होते, "तुम्ही कुठलं?"

घरी आल्यावर भाचा दंड चोळत तक्रार करत होता की एवढ्या उन्हात दोन तास उभं राहिलो, पण तिथे कुणी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.