स्पॅमच्या नमुन्यांवर आली कॉपीराइटची नोटीस: माझा अनुभव

फिल्टरला स्पॅम ओळखायला शिकवायचं तर खरा स्पॅमच लागतो. म्हणून मी नको असलेल्या मेलचे नमुने, ज्यांना त्या आल्या त्यांची नावं-पत्ते पुसून, सगळ्यांना वापरता येतील असे ठेवले होते. एका जाहिरातदाराने माझ्या होस्टिंग कंपनीकडे तक्रार केली की मजकूर आमचा आहे. कंपनी अमेरिकेतली, म्हणजे तिथला डीएमसीए, इंटरनेटवरच्या मजकुराचा कॉपीराइट कायदा. संग्रह लगेच बंद!

न मागता आलेल्या मेलवरही लिहिणाऱ्याचा कॉपीराइट असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. माझी बाजू होती फेअर यूजची, म्हणजे परवानगी न घेताही कायद्याला चालणाऱ्या वाजवी वापराची. वापराचा हेतू, मजकुराचं स्वरूप, किती घेतला आणि त्याच्या बाजाराला धक्का बसतो का, हे अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम 107 चे चार निकष. मेल अख्ख्या ठेवलेल्या, त्यामुळे तिसऱ्या निकषावर माझी बाजू लंगडी. पण टर्निटिन या नक्कल पकडणाऱ्या सेवेच्या खटल्यात 2009 साली विद्यार्थ्यांचे अख्खे निबंध ताडून पाहण्यासाठी साठवणंही फेअर यूज ठरलं होतं. काउंटर नोटिशीत, म्हणजे तक्रारीला दिलेल्या कायदेशीर उत्तरात, मी तेच मांडलं.

आणि तिथेच गाडं अडलं. पुरावा म्हणून वादातली मेल जोडली होती, तर कंपनीच्या तक्रार विभागाच्या फिल्टरने माझं पत्रच स्पॅम ठरवून अडवलं. ना पोच, ना नकार. विचारलं तर उत्तर एकच: "आमच्याकडे काही आलेलं नाही." पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. संताप याचा की संग्रह परत सुरू करायची 10 ते 14 कामकाजी दिवसांची मुदत काउंटर नोटीस मिळाल्यापासून मोजतात, आणि यांच्या लेखी ती मिळालेलीच नव्हती. तक्रार करणाऱ्याचं एका नोटिशीत काम झालं, मी मात्र दारातच ताटकळत. शेवटी जोडलेली मेल काढली, फक्त फाइलचा पत्ता, तारीख आणि मेसेज-आयडी (त्या मेलचा ओळखक्रमांक) लिहिला. तेव्हा कुठे पोच आली. तेव्हा नमुना कधीही जोडू नका, आणि पोच आल्याशिवाय दिवस मोजू नका.

हो, एक राहिलंच: काउंटर नोटिशीची प्रत तक्रारदाराला जाते, तुमच्या नाव, पत्ता, फोनसकट. मी कामाचा पत्ता दिला.

नुसता फिल्टर चालवणाऱ्यांनी घाबरू नये. बेजियन फिल्टर (शब्दांच्या आकडेवारीवरून स्पॅम ओळखणारा) शब्द आणि त्यांचे आकडे ठेवतो, मजकूर नाही. प्रश्न येतो मूळ मेल इतरांना वाटताना.

तक्रारदार मुदतीत कोर्टात गेला नाही, म्हणून संग्रह पुन्हा सुरू झाला, एकही नमुना न वगळता, आणि याचा मला अभिमान आहे.