नखाएवढा तुकडा

रात्रीचे साडेअकरा झालेत, झोप नाही. आज अभिलेखागारात 1923 ची जन्मनोंदीची वही काढून घेतली आणि पान उलटताना त्याचा खालचा कोपरा तुटून माझ्या हातात आला. नखाएवढा तुकडा. त्यावर कुणाच्यातरी नावातला नुसता 'व', आधीचा 'रा' पानावरच राहिला.

शंभर वर्षं कितीजणांनी ती वही हाताळली असेल आणि तुटायची ती माझ्याच हातात. हात धुवून पुसून कोरडे केलेले, मोजे नव्हते कारण मोज्यांमुळे पानाचा अंदाज येत नाही असं तिथेच सांगतात, वही फोमच्या उशीवर, जवळ पेन नाही फक्त पेन्सिल, म्हणजे सगळं सगळं पाळलं होतं मी. तरी तुटलं. ज्या नोंदीसाठी गेले होते तिचं आज लिहायचं नाहीये.

तिथल्या मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चिमट्याने तुकडा उचलला, छोट्या पाकिटात घातला, वर पेन्सिलीने पान नंबर टाकला. म्हणाल्या, "अहो, हा लाकडाच्या लगद्याचा कागद, त्यात तुरटी. हा आतल्या आत अ‍ॅसिड धरतो आणि ठिसूळ होतो, तुम्ही नसतात तरी गेला असता. याच्या दोनशे वर्षं आधीचा चिंध्यांचा कागद बघा, अजून मऊ आहे." पटलं. पण त्या वेळी हात माझा होता ना.

घरी येऊन परत जर्मनीतल्या कोलोनचं वाचत बसले. 3 मार्च 2009, शेजारी मेट्रोचं खोदकाम चालू होतं आणि शहराचं अख्खं अभिलेखागारच कोसळलं, बाजूच्या घरांतले दोन तरुण गेले. ते वाचून खूप वेळ नुसती बसून होते. नंतर ढिगाऱ्यातून बहुतेक कागद बाहेर काढले लोकांनी, भिजलेले गोठवून सुकवले, तुकड्याला तुकडा जुळवायचं काम वर्षानुवर्षं चाललंय. एवढं सगळं जुळवतात माणसं, मग एक 'व' बसेल की.

आत्याला फोन करायचा होता, राहिला.

शुक्रवारी दुरुस्ती असते म्हणाल्या मॅडम. पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ, उद्या कुणाला काढावंसं वाटलं तर पाण्याने सुटते. "यायचं तर या बघायला." जाणार आहे. तो 'व' परत 'रा'च्या शेजारी बसताना बघायचाय मला.