मामांच्या बागेच्या ब्लॉगवर कॅलेंडर बसवलं त्याची गोष्ट

मामांची द्राक्षबाग दिंडोरीकडे, मी राहते नाशकात. मामा बागेतून व्हॉट्सअपवर बोलून पाठवतात ते टाइप करून ब्लॉगवर टाकायचं काम माझ्याकडे. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायची पेस्ट कधी लावली, पोंगा (फुटणारा कोंब) कधी दिसला, फेलफुटी (नको असलेल्या फुटी) कधी काढल्या, डाऊनीला (केवडा रोगाला) काय मारलं, सगळं त्यात. आजूबाजूचे दोन-चार बागायतदारही वाचतात.

अडचण एकच, की मामांच्या निम्म्या नोंदींचं नाव "आजची फवारणी". आमचा ब्लॉग गूगलच्या ब्लॉगरवर, तिथे जुन्या नोंदींच्या यादीचं (आर्काइव्हचं) जे गॅजेट, म्हणजे पानावर लावायची तयार चौकट, मिळतं त्यात महिना उघडला की हे एकच नाव खाली खाली खाली, आणि मामांचा फोन, "अगं गेल्या साली छाटणीनंतर चाळिसाव्या दिवशी काय मारलं होतं ते बघ ना." म्हणजे मी आधी छाटणीची तारीख शोधायची, बोटं मोजायची, मग पोस्ट शोधायची. म्हटलं आपण कॅलेंडरच लावू, तारखेवर टिचकी मारली की त्या दिवसाची नोंद उघडेल. वर्डप्रेस असतं तर प्रश्नच नव्हता, तिथे कॅलेंडर आधीपासून आहे, बाजूच्या पट्टीत टाकलं की ज्या दिवशी लिहिलंय त्या तारखेला आपोआप लिंक लागते. ब्लॉगरवर तसं तयार काही मिळत नाही, पण लेआउटमध्ये जाऊन एचटीएमएल-जावास्क्रिप्टचं गॅजेट घेता येतं आणि त्यात आपला कोड चिकटवता येतो.

नेटवर तयार कोड मिळाला. ब्लॉगच्या पोस्टची फीड (कोडला वाचता येईल अशी यादी) जेसन स्वरूपात मागवायची, प्रत्येक पोस्टची तारीख काढायची, आणि महिन्याच्या चौकटीत ती जुळली की ठिपका द्यायचा, एवढंच त्याचं काम. महिन्याचे दिवस किती हे काढायची त्यातली युक्ती मला फार आवडली, पुढच्या महिन्याची शून्य तारीख मागितली की जावास्क्रिप्ट गुपचूप या महिन्याचा शेवटचा दिवस देतं, लीप वर्षाचं वेगळं काही बघावं लागत नाही. फक्त महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे ०, हे डोक्यात ठेवायचं.

लावलं, दिसलं, छान दिसलं. पण गेल्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा अख्खा रिकामा, आणि ते तर छाटणीनंतरचे, सगळ्यात धावपळीचे दिवस, मामा दिवसाला दोन-दोन नोंदी पाठवतात. फीड आपल्याला काही सांगितलं नाही तर नवीन २५ पोस्टच देते, त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीच्या नोंदी बाहेरच राहत होत्या. फीडच्या पत्त्यात मॅक्स-रिझल्ट्स (जास्तीत जास्त किती पोस्ट) वाढवलं, आणि पब्लिश्ड-मिन, पब्लिश्ड-मॅक्स देऊन फक्त त्या महिन्याच्याच पोस्ट मागवल्या. आता महिना पुढेमागे केला की तेवढंच येतं, बागेत नेटवर्क असून नसल्यासारखं असतं तरी उघडतं.

खरा घोळ त्यानंतर. सकाळच्या नोंदी बरोबर तारखेला दिसत होत्या आणि संध्याकाळच्या एक दिवस पुढे! म्हणजे १५ तारखेला सकाळी सातला टाकलेली फवारणी १५ लाच, आणि त्याच संध्याकाळची नोंद १६ ला. फवारणीची तारीख म्हणजे काही गंमत नाही, शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस गेले यावर माल एक्सपोर्टला जाणार की नाही ते ठरतं. त्यामुळे हे असंच सोडून देणं शक्यच नव्हतं.

ब्लॉगची सेटिंग बघितली तर टाइमझोन पॅसिफिक, म्हणजे कॅलिफोर्नियाचा. आपण त्यांच्या पुढे साडेबारा तास, हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेतेरा. म्हणजे आपल्याकडे दुपारपर्यंत टाकलेलं सगळं त्यांच्या आदल्या दिवशीचं. म्हटलं सापडलं, भारतीय वेळ लावली, आणि आता सगळ्याच नोंदी एक दिवस पुढे गेल्या. डोकंच फिरलं.

मग कोड ओळ न ओळ वाचला. चौकटीतल्या तारखेचा मजकूर बनवायला त्यात टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरलं होतं, आणि ते तारीख देतं यूटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. आपल्या १५ तारखेची रात्री बाराची वेळ म्हणजे यूटीसीत १४ तारखेची संध्याकाळची साडेसहा. त्यामुळे १५ च्या चौकटीच्या पोटात लिहिलेलं १४. आणि सकाळच्या पोस्टवर कॅलिफोर्नियामुळे शिक्का पण १४ चाच, म्हणून दोन चुका मिळून उत्तर बरोबर येत होतं. शाळेत गणितात कधीकधी व्हायचं तसं. ती ओळ काढून वर्ष, महिना, तारीख वेगवेगळी मागून जोडली, त्या पद्धतीत फोनवरची स्थानिक वेळच धरली जाते, आणि नोंदी जागेवर बसल्या.

मामांना दाखवलं तर म्हणे, "हे आडवं का?" भिंतीवरच्या आपल्या कॅलेंडरात वार डावीकडे एकाखाली एक असतात आणि तारखा वरून खाली उतरतात, त्यांची नजर तशीच फिरते. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, सात ओळी ठरवून ग्रिड-ऑटो-फ्लोला कॉलम केलं, झालं उभं. मराठी आकडे आणि महिन्याचं नाव तर फुकटात मिळालं, तारीख छापताना एमआर-आयएन (मराठी, भारत) सांगितलं की ब्राउझर स्वतःच १५ मार्च वगैरे लिहितो.

मामींना चतुर्थी-एकादशी पण हवी होती. ब्राउझरमध्ये इंडियन नावाचं कॅलेंडर आहे खरं, पण ते १९५७ मध्ये सरकारने लागू केलेलं सौर कॅलेंडर, त्यात चैत्राची १ तारीख २२ मार्चला, लीप वर्षात २१ ला, ठरलेली. पाडव्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. तिथी सूर्य-चंद्रातल्या अंतरावर चालते, दर १२ अंशाला एक, ते गणित गॅजेटमध्ये कोंबायचा मी नाद केला नाही, पंचांगात बघून वर्षाच्या संकष्ट्या आणि एकादश्या हाताने टाइप केल्या. मामी खुश.

मामांचं मात्र वेगळंच. "तारीख राहू दे गं, कितवा दिवस ते दिसलं पाहिजे." बरोबरच आहे, बागेत कोणी ऑक्टोबरची २० तारीख म्हणत नाही. म्हणून प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात छाटणीनंतरचा दिवस टाकला, दोन तारखांची वजाबाकी मिलिसेकंदात येते, तिला ८,६४,००,००० ने भागायचं. छाटणीचा दिवस मामा शून्य धरतात, तसाच धरला. विहिरीजवळचा प्लॉट आणि रस्त्याकडचा प्लॉट एकाच दिवशी छाटत नाहीत, म्हणून वर प्लॉट निवडायची सोय दिली.

शेवटी लक्षात आलं की फोनवर कॅलेंडर दिसतच नाही, आणि बघणारे सगळे फोनवाले. आमच्या ब्लॉगची थीम जुनी, तिच्या मोबाइल टेम्प्लेटमध्ये गॅजेटच्या टॅगला मोबाइल इक्वल टू येस असं लिहावं लागतं, ते लिहिलं. आणि छाटणीची तारीख कोडमध्ये एकच ठेवून चालत नाही, एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची वर्षातली दुसरी छाटणी) झाली की मोजणी परत शून्यापासून, म्हणून प्रत्येक प्लॉटच्या छाटण्यांची यादी ठेवलीय, कुठल्याही दिवसासाठी त्याच्या आधीची सगळ्यात जवळची छाटणी शोधली जाते. नवीन छाटणी झाली की यादीत एक ओळ वाढवायची, ती मामांचा मुलगा फोनवरूनच वाढवतो.